तेरा नंबरचं पान

"ताई, माझे यजमान साठ वर्षांचे आहेत, महसूल खात्यातून निवृत्त झालेत. हृदयाच्या दोन रक्तवाहिन्यांत ब्लॉकेज निघाले आणि अँजिओप्लास्टीची तारीख ठरली. त्याच आठवड्यात मुलगी पुण्याहून आली. सव्वीस वर्षांची आहे, आयटीत नोकरी करते. वर्षभरापूर्वी तिने टॅरोचा, म्हणजे चित्रांच्या पानांवरून भविष्य सांगायचा, क्लास केला होता. 'माझंही बघ की,' असं हौसेने यांनीच म्हटलं. तिने तीन पानं काढली. तिसरं पान घोड्यावर बसलेल्या सांगाड्याचं, खाली इंग्रजीत मृत्यू असं लिहिलेलं. 'बाबा, याचा अर्थ फक्त बदल,' असं ती म्हणाली, पण तिचा चेहरा पडलेला आम्ही सगळ्यांनी पाहिला. दुसऱ्या दिवशी यांनी हॉस्पिटलला फोन करून तारीख रद्द केली. सासूबाई म्हणतात, ती पानं कृष्णेत सोडून या. मुलीच्या क्लासच्या मॅडम म्हणतात, अकरा हजारांत शुद्धीकरण करून देते. मुलगी माझ्याशी धड बोलत नाही. ही पानं इजिप्तच्या देवळातली असतात म्हणे, ते खरं का? आणि मी आता काय करू?"
— एक वाचक, सांगली

ताई,

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण बाकीचे थांबू शकतात आणि तो थांबू शकत नाही. उद्या सकाळी हॉस्पिटलला तुम्ही स्वतः फोन करा आणि नवी तारीख मागा. यजमान तयार नसतील तर निदान डॉक्टरांची भेट ठरवा. तारीख रद्द का केली तेही डॉक्टरांना मोकळेपणी सांगा, लाजायचं कारण नाही. पेशंट अशा कितीतरी कारणांनी बिचकतात, त्यांनी ते पाहिलेलं असतं. मधल्या दिवसांत छातीत दुखलं, दरदरून घाम आला, धाप लागली, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ आली, तर पित्त असेल म्हणून वाट पाहू नका, 108 ला फोन लावा. सुरू असलेल्या गोळ्या चुकवू नका. हे एवढं झालं की मग बाकीचं शांतपणे वाचा, आणि जमलं तर यजमानांनाही वाचून दाखवा.

आता ती पानं.

मुलीकडे जो कॅट आहे तोच माझ्याकडेही आहे, आणि तेरा नंबरचं पान समोर ठेवूनच मी हे लिहिते आहे. पांढऱ्या घोड्यावर काळ्या चिलखतातला सांगाडा, हातात काळा झेंडा, झेंड्यावर पांढरा गुलाब. घोड्याच्या पायाशी एक राजा उताणा पडलाय, मुकुट घरंगळलाय. पिवळ्या झग्यातला धर्मगुरू हात जोडून उभा आहे. एक तरुण मुलगी गुडघ्यावर बसून तोंड फिरवते आहे. तिच्या शेजारी एक लहान मूल आहे आणि त्या सगळ्यांत ते एकटंच न घाबरता वर बघतंय. मागे नदी, नदीत एक होडी, आणि लांब दोन बुरुजांच्या मध्ये सूर्य. खालच्या कोपऱ्यात नागमोडी वळणाची एक छोटीशी सही आहे. मुलीला ती सही दाखवायला सांगा. बऱ्याच जणांनी वर्षानुवर्षं पानं पिसूनही ती पाहिलेली नसते.

ही सही पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीची. लंडनमध्ये 1878 साली जन्मली, काही वर्षं जमैकात राहिली, न्यूयॉर्कमध्ये चित्रकला शिकली, नाटकांच्या नेपथ्याची कामं केली. 1909 साली गूढविद्येवर लिहिणारे आर्थर एडवर्ड वेट यांच्या सांगण्यावरून काही महिन्यांत तिने हा सगळा कॅट काढून दिला आणि वर्षाअखेरीस लंडनच्या रायडर प्रकाशनाने तो बाजारात आणला. काम मोठं आणि पैसे अगदीच थोडे, असं तिने त्या वेळी एका परिचिताला पत्रातून कळवलं होतं. पुढे हा कॅट जगभर खपला, पण नाव चाललं ते प्रकाशकाचं आणि वेट यांचं. ती 1951 मध्ये इंग्लंडच्या एका किनाऱ्यावरच्या गावात कर्जात वारली. तुमच्या घरात ज्या चित्रानं सगळ्यांची झोप उडवली, ते इतकं अलीकडचं आहे, ताई, आणि ते एका कष्टाळू बाईनं पोटासाठी काढलेलं आहे. त्यात मंत्र नाही. मला तिच्याबद्दल फार वाटतं, म्हणून चार ओळी जास्त लिहिल्या.

चित्र नवं असेल, पण पानं तरी प्राचीन असतील ना, असं तुम्ही म्हणाल. पानं जुनी आहेत, पण इजिप्तच्या देवळातली नाहीत.

युरोपात पत्ते आले ते चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात. 1377 साली फ्लॉरेन्स शहरानं 'नाइब्बे' नावाच्या नव्याने आलेल्या खेळावर निर्बंध घातल्याची नोंद आहे. हा शब्द अरबी 'नायब'वरून आलेला. यजमानांना हे जरूर सांगा, महसूल खात्यात उभी हयात गेलेल्या माणसाला नायब म्हणजे काय हे समजावून सांगावं लागणार नाही. कैरोत मामलुक सुलतानांचं राज्य होतं तेव्हा तिथल्या पत्त्यांत राजा, त्याच्या खाली नायब आणि त्याच्याही खाली दुसरा नायब असायचा. त्यांचे चार रंग पेले, नाणी, तलवारी आणि पोलो खेळायच्या काठ्या. असा एक कॅट आजही इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यातल्या संग्रहालयात आहे. इटलीत पोलो कुणाला माहीत नव्हता, म्हणून त्या काठ्यांचे नुसते दंडुके झाले. तुमच्या मुलीच्या कॅटमधले कप्स, सोर्ड्स, वाँड्स आणि पेंटॅकल्स म्हणजे क्रमाने हेच पेले, तलवारी, काठ्या आणि नाणी. म्हणजे इजिप्तशी नातं आहेच, पण ते सुलतानाच्या सरदारांच्या खेळाशी. पिरॅमिडशी काही संबंध नाही.

या साध्या पत्त्यांत इटलीतल्या लोकांनी पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात 22 चित्रांची भर घातली. छप्पन आणि बावीस मिळून अठ्ठ्याहत्तर. सगळ्यांत जुना उल्लेख 1440 चा आहे. ज्युस्तो ज्युस्ती नावाच्या एका नोटरीने रोजनिशीत लिहून ठेवलंय की, रिमिनीचा सरदार सिजिस्मोंदो मालातेस्ता याच्यासाठी आपण अशा पानांचा एक कॅट विकत घेतला. तेव्हा त्यांना टॅरो म्हणत नव्हते, 'त्रिओन्फी' म्हणत, म्हणजे विजयाची पानं. मूर्खाचं एक पान सोडलं तर ही पानं म्हणजे कायमचे हुकूम. आपण तीनशे चारमध्ये हुकूम बोलतो, मेंढीकोटमध्ये हुकूम करतो, तसंच. रंग नसला की हुकूम टाकायचा आणि हात न्यायचा. इंग्रजीत हुकमाला ट्रंप म्हणतात तो शब्द याच त्रिओन्फीच्या घरातला.

थोडक्यात, हा पत्त्यांचा खेळ होता आणि आजही आहे. फ्रान्समध्ये टॅरोच्या स्पर्धा होतात, ऑस्ट्रियात संध्याकाळी चार माणसं बसून तो खेळतात. मनोविश्लेषणाचे जनक सिग्मंड फ्रॉइड व्हिएन्नात शनिवारी संध्याकाळी मित्रांबरोबर टॅरोचा डाव मांडायचे. भविष्य बघायला नव्हे, हात करायला.

मग ती चित्रं आली कुठून? तर त्या काळच्या इटलीतल्या माणसाला रोज दिसणाऱ्या गोष्टींतून. हे मला सगळ्यांत रंजक वाटतं, म्हणून दोन-तीन पानं सांगते.

मिलानच्या व्हिस्कोंती आणि स्फोर्झा घराण्यासाठी 1450 च्या आसपास रंगवलेला एक कॅट आहे, तो बोनिफाचो बेंबो या चित्रकाराचा मानतात. पान सुमारे 17 सेंमी उंच, चित्राच्या पार्श्वभूमीला सोन्याचा वर्ख. 78 पैकी 74 पानं उरली आहेत, काही न्यूयॉर्कच्या मॉर्गन लायब्ररीत, काही इटलीतल्या बेर्गामोत. प्रत्येक पानाला वरच्या बाजूला एक बारीक भोक आहे, कुणीतरी ती खिळ्याला लावून भिंतीवर टांगली असावीत. आज ज्या पानाला 'संन्यासी' म्हणतात, ज्याच्या हातात कंदील असतो आणि ज्याचा अर्थ अंतर्मुख होणं असा क्लासमध्ये सांगतात, त्या पानावर इथे एक म्हातारा आहे आणि त्याच्या हातात वाळूचं घड्याळ आहे. तो काळ आहे, सरत जाणारा. पुढच्या नकलांमध्ये घड्याळाचा कंदील झाला, आणि कंदील आला म्हणून अर्थही बदलला.

आज ज्याला 'जादूगार' म्हणतात आणि संकल्पशक्तीचं पान मानतात, तो मुळात बाजारात टेबल मांडून हातचलाखी करणारा गारुडी. उलटा टांगलेला माणूस तर तुम्ही पाहिलाच असेल, एका पायानं लटकलेला. क्लासमध्ये त्याचा अर्थ 'समर्पण' किंवा 'नवी दृष्टी' सांगतात. जुने इटालियन लोक त्याला सरळ गद्दार म्हणायचे. फितुरी करून पळालेला माणूस हाती लागला नाही की भर चौकातल्या भिंतीवर त्याचं उलटं टांगलेलं चित्र काढून त्याची बेअब्रू करायची, अशी तिथे रीत होती. फ्लॉरेन्समध्ये 1440 साली आन्द्रेआ देल कास्तान्यो या चित्रकाराने बंडखोरांची अशी चित्रं काढली आणि त्याला आयुष्यभरासाठी 'फासावरच्यांचा आन्द्रेआ' असं नाव चिकटलं. म्हणजे ज्या वर्षी त्या नोटरीने कॅट विकत घेतला, त्याच वर्षी त्याच मुलखात असं चित्र भिंतीवर होतं.

आणि मृत्यू? 1348 च्या प्लेगने इटलीतली शहरंच्या शहरं रिकामी केली होती आणि नंतरही साथी येतच राहिल्या. सांगाडा देवळाच्या भिंतीवर होता, थडग्यावर होता, तसाच पत्त्यावरही आला. मिलानच्या पानावर तो हातात धनुष्य घेऊन उभा आहे. हुकमांच्या क्रमात तो मध्यावर, बहुधा तेरावा असे. यातली गंमत बघा, खेळात तेरा नंबरचा हुकूम कुठल्याही रंगाचा राजा मारतो, पण चौदा नंबरच्या संयमाच्या पानापुढे त्याचं काही चालत नाही. तारा, चंद्र, सूर्य ही सगळी पानं मृत्यूच्या वरची. ज्यांनी हा क्रम लावला त्यांनी मृत्यूला शेवटी ठेवलेलं नाही.

मग भविष्य कधी चिकटलं? त्यालाही सन आहे. 1781 साली पॅरिसमध्ये अँत्वान कूर द जेबलँ नावाच्या एका विद्वान पाद्र्याने आपल्या ग्रंथाच्या आठव्या खंडात लिहिलं की, टॅरो म्हणजे प्राचीन इजिप्तच्या पुरोहितांचं गुप्त पुस्तक आहे. हे त्याला कसं समजलं? एका बाईंकडे काही मंडळी टॅरो खेळत बसली होती, पॅरिसमध्ये तो खेळ तेव्हा फारसा कुणाला माहीत नव्हता, यानं पानं पाहिली आणि पाव तासात सगळ्यांचा अर्थ लावून टाकला. हा पाव तास त्यानं स्वतःच लिहून ठेवलाय. त्या वेळी इजिप्तची चित्रलिपी जगात कुणालाही वाचता येत नव्हती. ती शाँपोलियाँ या फ्रेंच अभ्यासकाने उलगडली 1822 मध्ये, आणि तिच्यात टॅरोचं नावनिशाण सापडलं नाही. पण गोष्ट मोठी सुंदर होती, ती टिकली.

पाठोपाठ झाँ-बातिस्त अलिएत या गृहस्थांनी स्वतःचं आडनाव उलटं लिहून 'एतेइला' हे नाव घेतलं, 1785 मध्ये टॅरोवरून भविष्य सांगायची रीत छापली आणि पुढे खास भविष्यासाठीचा कॅटही काढला. त्याआधी काहीच नव्हतं असं मी म्हणणार नाही. बोलोन्या शहरात 1750 च्या सुमाराची एक यादी सापडली आहे, तिच्यात काही पानांपुढे 'प्रवास', 'पैसा' अशा थाटाचे साधे अर्थ दिलेत. पण तीनशे वर्षं लोक ही पानं खेळत होते याचे ढीगभर पुरावे आहेत, आणि भविष्याचे जवळजवळ नाहीत. ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ मायकेल डमेट यांनी 1980 मध्ये जाडजूड ग्रंथ लिहून हे सगळं मांडलं. आणि ज्यांच्या सांगण्यावरून तुमच्या मुलीचा कॅट निघाला ते वेटसुद्धा इजिप्तची कथा मानत नव्हते. हे मुलीच्या क्लासमध्ये सांगितलं गेलं होतं का, तिला विचारा. सांगायला हवं होतं, असं मला अगदी मनापासून वाटतं.

सासूबाईंची भीती वेगळी आहे, तिला वेगळं उत्तर द्यावं लागेल. त्यांना सावंतवाडीच्या गंजिफांबद्दल सांगा. गोल, लाखेचं चकचकीत रोगण दिलेली, हातानं रंगवलेली पानं. दशावतारी गंजिफात 120 पानं, दहा रंग, मत्स्यापासून कल्कीपर्यंत एकेका अवताराचा एक रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दहापर्यंत. पानावर साक्षात विष्णूचा अवतार असायचा, तरी माणसं मांडी घालून खेळच खेळायची, आणि देव कोपला असं कुणी म्हटलं नाही. चित्र कशाचं आहे यावर पान शुभ की अशुभ हे ठरत नाही, हे आपल्याकडच्या माणसांना चांगलं ठाऊक होतं. आणि नदीत काही टाकू नका, ताई. पानांवर प्लास्टिकचा लेप असतो, तो कुजत नाही, आणि कृष्णेला आधीच पुष्कळ सोसावं लागतंय.

अकरा हजार रुपये देऊ नका. एक रुपयाही देऊ नका. आधी घाबरवणं आणि मग भीतीचा इलाज विकणं हे फार जुनं दुकान आहे. आणि हिशेब बघा. अठ्ठ्याहत्तर पानांतून तीन काढली, तर त्यांत तेरा नंबर असण्याची शक्यता सव्वीसात एक. क्लासमध्ये दहा पानांची मांडणी शिकवतात, तीत ती आठात एकच्या आसपास जाते. मृत्यू, सैतान, कोसळता बुरूज, काळजात तीन तलवारी खुपसलेलं पान आणि पाठीत दहा तलवारींचं पान अशी पाच भीतीदायक पानं धरली, तर दहा पानांत त्यातलं निदान एक तरी निघण्याची शक्यता जवळपास निम्मी. म्हणजे दर दुसऱ्या माणसाला घाबरवता येईल अशी सोय कॅटमध्येच आहे. मुलगी आयटीतली आहे, हे गणित ती तुमच्या-माझ्यापेक्षा लवकर करेल. तिलाच करायला सांगा.

आता तिच्याबद्दल. तुमच्या पत्रातलं जे वाक्य माझ्या मनात राहिलं ते 'तिचा चेहरा पडलेला आम्ही सगळ्यांनी पाहिला' हे. बाबांची तारीख ठरल्यापासून ती पोर घाबरलेली आहे. सुट्टी काढून ती उगाच त्या आठवड्यात घरी आलेली नाही. तिने तिच्यापाशी जे होतं ते काढलं, आणि त्यातून नेमकं तेच पान आलं. त्यानंतर बाबांनी तारीख रद्द केली. आपल्यामुळे बाबांचं काही बरंवाईट झालं तर, हे ओझं घेऊन ती घरात वावरते आहे आणि म्हणून तुमच्याशी बोलत नाही. तिला ओरडू नका, पानं हिसकावून घेऊ नका. तिच्याजवळ बसा आणि 'तू पण घाबरलीयस ना?' एवढंच विचारा. मग थांबा. ती रडली तर रडू द्या.

यजमानांनाही एकदा एकटं गाठून विचारा. सबंध नोकरीत कागदावर विश्वास ठेवलेला माणूस एका पानाच्या चित्राने तारीख रद्द करत नाही. त्यांना भीती आधीच होती, पानाने निमित्त दिलं. टेबलावर शुद्ध हरपण्याची असेल, खर्चाची असेल, किंवा ओळखीतल्या कुणाचं ऑपरेशन बिघडलं असेल. भीती नेमकी कसली ते कळलं की डॉक्टरांना नेमकं विचारता येतं, आणि डॉक्टर त्याचं उत्तर देऊ शकतात. पानाला ते विचारता येत नाही. माझ्या वडिलांच्या वेळी आम्ही हे विचारलंच नाही, सगळे नुसता धीर देत राहिलो. ते कशाला घाबरले होते ते मला नंतर, फार उशिरा कळलं.

मी टॅरोला नावं ठेवत नाही. चित्र समोर ठेवून माणसं कधी कधी एरवी जिभेवर न येणारं बोलून जातात, आणि तुमच्या मुलीला त्या चित्रांचा लळा लागला असेल तर ती सुंदर आहेतच. तिला एवढंच सांगा की, आजारपण, मरण आणि कोर्टकचेरी यांवर कुणासाठीही पान काढायचं नाही. घरच्यांसाठी तर नाहीच.

एक शेवटचं सुचवते. अँजिओप्लास्टीच्या आधी हॉस्पिटलच्या खोलीत वेळ जाता जात नाही. मुलीला तो कॅट बरोबर घेऊ दे आणि मूळचा खेळ खेळा. चौघं असाल तर उत्तम, नसाल तर तिघं. साधा नियम पुरे, उतारीचा रंग हातात असेल तर तोच टाकायचा, नसेल तर बावीसातला हुकूम, मोठा हुकूम हात नेतो. मूर्खाचं पान कधीही टाकता येतं, ते हात जिंकत नाही पण तेवढ्यापुरतं तुमचं दुसरं पान वाचवतं. तेरा नंबरचं पान यजमानांच्या हातात आलं तर त्यांना राजा मारू द्या.

नवी तारीख मिळाली की एक ओळ लिहून कळवा. मी वाट बघते आहे.

तुमची,
ताई